'खूप' या शब्दाचे कूळ आणि त्याचा अधिकार

शब्दांची कुळे धुंडाळण्याचा नाद आपल्या सुशिक्षित समाजात जुना आहे, आणि तो बहुतांशी निरुपद्रवीही आहे. कोणी 'आज' हा शब्द संस्कृत 'अद्य' यापासून आला असे सांगतो, कोणी 'हळू' म्हणजे 'लघु' याचेच अक्षरे उलटलेले रूप होय असे दाखवून देतो, आणि ऐकणारांस क्षणभर कौतुक वाटते. येथवर सारे ठीक आहे. परंतु शब्दाचे मूळ सांगून न थांबता त्या मुळावरून शब्दाची लायकी ठरविण्यास जेव्हा आरंभ होतो, तेव्हा करमणुकीचे रूपांतर न्यायनिवाड्यात होते. आणि हा निवाडा शब्दापाशी न थांबता तो शब्द बोलणाऱ्या माणसांवरही जाऊन आदळतो. प्रस्तुत लेखात अशाच एका निवाड्याची फेरतपासणी करण्याचा आमचा विचार आहे. आरोपी म्हणून उभे आहे ते एक लहानसे क्रियाविशेषण: 'खूप'.

त्याच्यावरील आरोप दुहेरी आहे. पहिला असा की, 'खूप' हा फारसी शब्द असून 'फार' हा आपला घरचा शब्द आहे; सबब शुद्ध लिहू इच्छिणाऱ्याने 'खूप' टाकून 'फार' लिहावे. दुसरा आरोप पहिल्याच्या पोटात दडलेला असतो. अशा शब्दांची आयात मोगलाईतून झाली, म्हणून मराठवाड्याची बोली ही भेसळीची बोली, असे तो आरोप सुचवितो. अर्धापूर, देगलूर वा निलंगा येथील मुलगा पुण्यामुंबईच्या वर्गात बोलू लागला म्हणजे त्याच्या तोंडच्या शब्दांकडे जे किंचित हसून पाहिले जाते, त्याच्या मुळाशी हीच समजूत असते. 'फारसी' हे विशेषण येथे इतिहासाचे न राहता हिणवणुकीचे होते. म्हणून प्रश्न एका शब्दापुरता असला तरी क्षुल्लक नाही.

प्रथम मुळाचा विचार करू. 'खूप' हा फारसी 'खूब' होय, यात संशय घेण्यास जागा नाही. फारसीत त्याचा अर्थ 'चांगला', 'सुंदर' असा आहे. 'पुष्कळ' हा अर्थ मागाहूनचा. आता अखेरच्या 'ब'चा 'प' का झाला? मराठीत आलेल्या परकी शब्दांच्या अखेरचे मृदू व्यंजन कठोर होते अशी आणखी उदाहरणे आहेत. अरबी 'मदद' आपल्याकडे 'मदत' झाली, फारसी 'पसंद'चे आपण 'पसंत' केले, आणि अरबी 'तलब' म्हणजे इच्छा वा मागणी, तिची विडीकाडीच्या संबंधात 'तलप' झाली. हा सर्वांना सरसकट लागू पडणारा नियम नव्हे, कारण 'गुलाब', 'खराब' हे शब्द आपला 'ब' राखून आहेत. तथापि कल स्पष्ट आहे. याहून मौजेचा पुरावा खुद्द मराठीतच आहे. 'खुबी' हा शब्द याच कुळातला. त्यात 'ब'च्या पुढे स्वर असल्यामुळे तो जसाच्या तसा राहिला, आणि 'चांगलेपणा', 'वैशिष्ट्य' हा मूळचा अर्थही राहिला. 'खुबी' आणि 'खूप' हे सख्खे भाऊ. एकाने घरचे नाव व घरचा धंदा दोन्ही राखले, दुसऱ्याने दोन्ही बदलले.

'फार' याची कथा निराळी. तो संस्कृत 'स्फार' या विशेषणापासून आला असे विद्वान मानतात. 'स्फार' म्हणजे पसरलेला, विस्तीर्ण, विपुल. आरंभीच्या 'स्फ' या जोडाक्षरातील 'स' गळून 'फ' उरणे हे प्राकृतात नेहमीचेच आहे. 'स्फोट' यापासून 'फोड', 'स्फुट' यापासून 'फुटणे' याच वाटेने आले. येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. इंग्रजीतही 'फार' या उच्चाराचा, 'दूर' या अर्थाचा शब्द आहे, आणि दोहोंतील उच्चारसाम्य इतके आहे की एखाद्या उत्साही गृहस्थास त्यांचे नाते जुळविण्याचा मोह व्हावा. परंतु रामदासांच्या काळी मराठीत 'फार' रुळलेला होता आणि त्या वेळी इंग्रजीचा वारा महाराष्ट्राच्या खेड्यांस लागलेला नव्हता. केवळ कानाला सारखे लागते म्हणून दोन शब्द एका रक्ताचे ठरत नाहीत. ध्वनिबदलाची वाट, जुन्या ग्रंथांतील आढळ आणि अर्थाचा प्रवास या तिन्ही साक्षी जुळाव्या लागतात. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीचा अभ्यास याच शिस्तीने केला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्यांचा ग्रंथ १९४१ मध्ये मराठीत आणला, आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर तरी कर्णोपकर्णी व्युत्पत्तीस मराठीत क्षमा असू नये.

तर मग 'खूप' परका आणि 'फार' घरचा, हे सिद्ध झाले. आक्षेपकांची बाजू येथपर्यंत खरी आहे, आणि ती आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. आमचा वाद यापुढे सुरू होतो: यावरून काय सिद्ध होते?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी थोडे बाहेर डोकावून पाहणे उपयोगाचे होईल. इंग्रजीतील 'व्हेरी' हे क्रियाविशेषण आमच्या वाचकांच्या पूर्ण परिचयाचे आहे. इंग्रजी शिकणारे मूल पहिल्या काही दिवसांतच ते उचलते. याच्याइतका अस्सल इंग्रजी शब्द दुसरा नसेल असे कोणासही वाटावे. पण तो मुळात इंग्रजी नाही. लॅटिनमध्ये 'व्हेरुस' म्हणजे खरा, सत्य. त्यापासून निघालेले एक रूप जुन्या फ्रेंचमध्ये 'व्हेराय' झाले, आणि १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर राज्यकर्त्यांच्या त्या भाषेबरोबर तो शब्द इंग्रजीत शिरला. आरंभी त्याचा अर्थ 'खरा' एवढाच होता; ख्रिस्ती प्रार्थनेत ईश्वराच्या नावामागे तो आजही याच अर्थाने येतो. पुढे 'खरोखर' म्हणता म्हणता त्याचा अर्थ 'अत्यंत' असा झाला. 'व्हेरिफाय' म्हणजे खरेखोटे पडताळणे आणि 'व्हर्डिक्ट' म्हणजे न्यायालयाचा निर्णय, मुळात 'सत्य वचन', हे त्याच कुळातले शब्द. आपल्या 'खुबी'प्रमाणे त्यांनी जुना अर्थ जपला. 'व्हेरी' येण्यापूर्वी इंग्रजांच्या पूर्वजांपाशी याच कामाचा घरचा शब्द होता. त्याचा मूळ अर्थ 'जोराने' असा होता. तो आज नामशेष झाला आहे. जेत्यांच्या भाषेतून आलेल्या शब्दाने घरच्या शब्दास हुसकून लावले. पण म्हणून 'व्हेरी' हा दास्याचा अवशेष आहे, असे म्हणणारा इंग्रज आम्हांस ठाऊक नाही.

शेजारच्या भाषांतही हाच प्रकार आढळतो. जर्मनांचा 'अत्यंत' या अर्थाचा शब्द मुळात 'दुःखाने', 'वेदनेने' अशा अर्थाचा होता. फ्रेंचांचा 'त्रे' हा लॅटिन 'त्रान्स' म्हणजे 'पलीकडे' यापासून आलेला आहे. याप्रमाणे आधिक्य दाखविण्यासाठी कोणी सत्याकडे धाव घेतली, कोणी वेदनेकडे, कोणी सीमोल्लंघनाकडे. आपण एकदा विस्ताराकडे गेलो व 'फार' आणला, एकदा चांगुलपणाकडे गेलो व 'खूप' आणला. 'अत्यंत' म्हणजे अंताच्या पलीकडचे. तेथे आपण फ्रेंचांच्या वाटेने गेलो. आणि अलीकडे 'भयंकर सुंदर' असे म्हणणारी पिढी भयाकडेही गेली आहे.

असे का घडते? कारण आधिक्यवाचक शब्द हे नाण्यांप्रमाणे झिजतात. मनुष्य स्वभावतः अतिशयोक्तीचा भोक्ता आहे. 'मोठे' म्हणून त्याचे समाधान होत नाही म्हणून तो 'फार मोठे' म्हणतो. सर्वच 'फार' म्हणू लागले म्हणजे 'फार'चा कस उतरतो, आणि मग जोर आणण्यासाठी नवा शब्द हवा होतो. नामांची गोष्ट वेगळी. 'दगड' हा शब्द हजार वेळा उच्चारला तरी दगड मऊ होत नाही. क्रियाविशेषणांच्या, विशेषतः आधिक्य सांगणाऱ्या क्रियाविशेषणांच्या नशिबी मात्र ही झीज ठेवलेलीच आहे. भाषा अशा वेळी जवळ असेल त्या खाणीतून धातू काढते. बहमनी राज्य १३४७ मध्ये स्थापन झाले. तेव्हापासून पुढे निजामशाही, आदिलशाही, मोगल अशा सत्ता महाराष्ट्रावर नांदल्या. दरबारची व दफ्तरांची भाषा फारसी. फारसीची खाण आपल्या दारातच होती. खाण का जवळ आली याचे उत्तर राजकारणात आहे. पण त्या खाणीतून हाच शब्द का उचलला आणि त्यास असाच अर्थ का दिला, याचे उत्तर भाषेच्या गरजेत आहे. सुलतानाने 'खूप' म्हणा असे फर्मान काढले नव्हते.

भाषाशुद्धीच्या आपल्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट डोळ्यांत भरते. छत्रपती शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला तो कारभारातील फारसी संज्ञांस संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. विसाव्या शतकात सावरकरांनी जी चळवळ चालविली, तिच्यातून आलेले 'महापौर', 'दिनांक' असे शब्द आज सर्वतोमुखी आहेत. ही सर्व नामे आहेत. पदाचे, कचेरीचे, वस्तूचे नाव हुकुमाने बदलता येते, कारण ते पाटीवर रंगविता येते व शिक्क्यावर कोरता येते. परंतु 'फक्त', 'जरूर', 'हल्ली', 'बिलकूल', 'दरम्यान', 'एकदम' हे शब्द कोणत्या पाटीवरून पुसावयाचे? 'एकदम' याच्यात तर 'एक' आपला आणि 'दम' म्हणजे श्वास फारसीचा. अर्धा शब्द हद्दपार करून उरलेला अर्धा कोठे ठेवावयाचा? माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचे उदाहरण येथे बोलके आहे. फारसीचे ते प्राध्यापक. १९२५ मध्ये त्यांनी 'फारसी-मराठी कोश' दिला, आणि १९३८ मध्ये तेच 'भाषाशुद्धिविवेक' घेऊन उभे राहिले. फारसीचे ज्ञान ज्यास सर्वांत अधिक तोच शुद्धीचा कैवारी झाला, यात विसंगती नाही. अनावश्यक परकी शब्द टाळावे हे मत आदरणीयच आहे. पण ज्याच्यावाचून नित्याचे बोलणे अडते असा शब्द अनावश्यक कसा म्हणावा, हा प्रश्न त्या मताच्या वाटेत उभा राहतोच.

आता दुसऱ्या आरोपाकडे, म्हणजे मराठवाड्याच्या बोलीकडे वळू. नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अर्धापूर हे केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. हा सारा मुलूख १७२४ पासून आसफजाही सत्तेखाली होता; १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती सत्ता संपली. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात १९१८ पासून उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम होते, आणि मराठी मुलांस आपल्या भाषेवाचून शिकावे लागे, ही व्यथा खोटी नव्हे. त्या दडपणाचे समर्थन आम्ही करीत नाही. पण 'खूप' हा शब्द त्या दडपणाचा परिणाम असता, तर तो निजामाच्या हद्दीत थांबला असता. तो पेशव्यांच्या पुण्यातही आहे, कोकणातही आहे, नागपुरासही आहे. 'फक्त' आणि 'हल्ली' यांवाचून सदाशिव पेठेतील एक संभाषणही पुरे होणार नाही. मग एकच शब्द पुण्यात 'मराठी' आणि अर्धापुरात 'मोगलाई' कसा ठरतो? बोलणाऱ्याचे गाव पाहून शब्दाची जात ठरविली जात आहे, हाच याचा अर्थ.

याहून एक गमतीची गोष्ट या भागातच पाहावयास मिळते. येथील बाजारात मराठी आणि दखनी या दोन्ही भाषा शेजारी शेजारी चालतात. 'पुष्कळ' या अर्थी दखनी बोलणारा 'भोत' म्हणतो. हा 'भोत' म्हणजे 'बहुत', आणि 'बहुत' हा संस्कृत 'बहु' याच्या घराण्यातला. मराठी बोलणारा मात्र 'खूप' म्हणतो, आणि तो फारसी. म्हणजे ज्याच्या भाषेस आपण परकी समजतो, त्याच्या तोंडी संस्कृतोद्भव शब्द आणि जो स्वतःस शुद्ध समजतो, त्याच्या तोंडी फारसी! दोघेही केळीच्या घडांविषयी बोलत असतात, आणि दोघांचाही व्यवहार सुरळीत होतो. शुद्धाशुद्धतेच्या आपल्या कल्पनांवर याहून मार्मिक टीका कोणता ग्रंथकार करू शकेल?

आणि तिसरा शब्द तेथेच आहे: 'लई', किंवा अर्धापुरी उच्चाराने 'लय'. त्यास कोणी फारसी म्हटलेले नाही. तरीही शाळेत तो अशुद्ध ठरतो. म्हणजे खरा निकष कुळाचाही नव्हता. शेतकऱ्याच्या तोंडचा तो गावंढळ, शहराच्या तोंडचा तो शिष्ट, हा खरा निकष; व्युत्पत्ती ही त्यावर पांघरलेली शाल. वास्तविक याच मुलखाने मराठीस काय दिले ते पाहावे. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी फारसी व उर्दूत पारंगत होते आणि त्यांनी त्या साधनांच्या बळावर मराठ्यांचा इतिहास मराठीत आणला. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन करणारे नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांच्या विवेचनाने साऱ्या महाराष्ट्रास विचार करावयास लावले. दोन भाषांच्या शेजारात वाढल्याने त्यांची मराठी दुबळी झाली असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

येथवर 'खूप'ची बाजू आम्ही लढविली. पण वकिली करीत असता सत्य झाकून ठेवणे हे टीकाकारास शोभत नाही. या शब्दाविरुद्ध एक तक्रार आहे, आणि ती खरी आहे. मात्र ती त्याच्या जन्माची नसून त्याच्या वर्तनाची आहे.

'फार' आणि 'खूप' ही दोन मराठीने शेजारी शेजारी बसविली, तेव्हा त्यांची कामे तिने सूक्ष्मपणे वाटून दिली. गुणाचे आधिक्य सांगावयाचे तेव्हा प्रायः 'फार': फार सुंदर, फार कठीण, फार जुने. परिमाणाचे वा क्रियेचे आधिक्य सांगावयाचे तेव्हा 'खूप': खूप खाल्ले, खूप हिंडलो, खूप माणसे जमली. शिवाय 'फार' यात मर्यादा ओलांडल्याची सूचना असते. 'आता फार झाले', 'फार बोलू नकोस' या वाक्यांत 'खूप' घालून पाहावे; धार बोथट होते. 'खूप' यात मात्र त्याच्या मूळच्या चांगुलपणाची ऊब कोठेतरी शिल्लक आहे. केळीच्या बागाईतदाराने 'यंदा भाव खूप आहे' म्हटले तर तो समाधानात आहे. घेणाऱ्याने 'यंदा भाव फार आहे' म्हटले तर तो कुरकुरत आहे. बाजार एक, भाव एक, पण शब्द दोन, आणि त्या दोन शब्दांत दोन माणसांची मने उभी राहतात. 'फारसा' हे रूप तर नकाराबरोबरच नांदते: 'पाऊस फारसा नाही' असे आपण म्हणतो, 'पाऊस फारसा आहे' असे कधी म्हणत नाही. अशी व्यवस्था कोणा वैयाकरणाने बसविली नाही; पिढ्यांच्या बोलण्यातून ती आपोआप बसली.

ही व्यवस्था आज मोडत आहे. आता सर्व काही 'खूप' झाले आहे: खूप सुंदर, खूप महत्त्वाचे, खूप छान, खूप खूप शुभेच्छा. ज्या ठिकाणी 'फार' हवा तेथे 'खूप', जेथे 'पुष्कळ' पुरे तेथे 'खूप', जेथे 'अतोनात' म्हणावयास हवे तेथेही 'खूप'. दुष्काळात अतोनात हाल होतात, गोदामात धान्य भरपूर असते, झाडांची बेसुमार तोड होते, सभेला पुष्कळ लोक येतात. यांतील प्रत्येक शब्दाचे वजन निराळे आहे. 'बेसुमार' हा तर स्वतः फारसी, 'मोजदादीबाहेरचा' या अर्थाचा; आणि त्यात निषेधाचा जो सूर मराठीने भरला तो 'खूप' याच्या आवाक्यातला नाही. म्हणजे 'खूप'च्या अतिरेकाने केवळ घरचे शब्दच मागे पडतात असे नव्हे, तर त्याच्याबरोबर फारसीतून आलेले त्याचे सोबतीही मागे पडतात. शुद्धीच्या चष्म्यातून पाहणारास ही हानी दिसत नाही, कारण तो शब्दाच्या जन्मपत्रिकेकडे पाहत असतो. त्याच्या हातून काय काम होत आहे, याकडे त्याचे लक्ष नसते.

म्हणून शिक्षकांस आणि आईबापांस आमची विनंती आहे. मुलाने 'खूप' म्हटले तर तो शब्द परका आहे असे सांगून त्यास गप्प करू नये, आणि 'लय' म्हटले तर हसू नये. त्याऐवजी त्यास विचारावे की येथे नक्की काय म्हणावयाचे आहे: मोजमाप अधिक आहे, गुण अधिक आहे, की हद्द ओलांडली गेली आहे? मग त्यास 'फार', 'पुष्कळ', 'भरपूर', 'अतोनात', 'बेसुमार', 'खूप' आणि 'लय' हे सर्व शब्द समोर ठेवून निवड करू द्यावी. असे केले असता अर्धापूरचा मुलगा आपल्या घरची बोली टाकून न देता ग्रंथांची मराठी मिळवील, आणि पुण्याच्या मुलासही आपल्या तोंडी किती देशांचे शब्द नांदतात हे कळेल. शब्द कोठून आला हे जाणणे चांगलेच. त्याने भाषेचा इतिहास कळतो. पण तो कोठे वापरावा हे त्या इतिहासावरून ठरत नाही. ते ठरते वाक्यातील गरजेवरून, आणि ती गरज ओळखणारा कान घडविणे हेच भाषाशिक्षणाचे काम होय.